ॲपवर ऊन आहे, पण समुद्रात काय आहे?

शुक्रवारी रात्री साडेअकराला कॉलेजच्या ग्रुपवर मेसेज पडतो, ‘उद्या पहाटे काशिद? कोण कोण?’ पाच मिनिटांत सात जणांचे अंगठे येतात. मग कुणीतरी हुशार हवामानाच्या ॲपचा स्क्रीनशॉट टाकतो. पिवळाधमक सूर्य, ३१ अंश, पावसाची शक्यता शून्य. झालं, प्लॅन पक्का!

त्या स्क्रीनशॉटमध्ये समुद्राबद्दल एक अक्षरही नसतं, हे तुमच्या कधी लक्षात आलंय? सूर्याचं चित्र आकाशाचं असतं, तुम्ही उतरणार असता पाण्यात. आणि या दोघांचं हवामान अगदी वेगळं असू शकतं.

आपण नवी मुंबईकर तर याबाबतीत जरा जास्तच गाफील. पाम बीच रोडवर बीच नाही, हा जोक आपण प्रत्येक पाहुण्याला ऐकवतो. वाशी, नेरूळ, बेलापूरला दिसतं ते खाडीचं पाणी. समोर मुंबई आणि खाली उरण आडवं असल्यामुळे खुल्या समुद्राची लाट आपल्यापर्यंत पोचतच नाही. त्यामुळे लाट वाचायची सवय आपल्याला नाही. पण जानेवारी २०२४ पासून लोकल थेट उरणपर्यंत जाते. पीरवाडीचा किनारा आता ट्रेन आणि रिक्षाच्या अंतरावर आलाय. अलिबाग, नागाव, काशिद तर बाइकवाल्यांचे कायमचेच. म्हणून सर्फिंग करणारी मंडळी पाण्यात उतरण्याआधी जे आकडे बघतात, ते आपल्यालाही वाचता यायला हवेत.

दहा हजार किलोमीटरवरून आलेली लाट

मे २०२४ चा पहिला वीकेण्ड. शनिवार-रविवार, ४ आणि ५ तारीख. मुंबईत कडक ऊन. वादळ नाही, पाऊस नाही. तरीही मुंबई महापालिकेने लोकांना समुद्रापासून लांब राहायला सांगितलं. लाटा अर्धा ते दीड मीटरने वाढतील, असा इशारा हैदराबादच्या ‘इन्कॉइस’ने दिला होता. इन्कॉइस म्हणजे भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र. समुद्राचा अंदाज देणं हे त्यांचं रोजचं काम.

मग लाटा आल्या कुठून? आपल्या किनाऱ्यापासून सुमारे १०,००० किलोमीटरवर, दक्षिण अटलांटिकमध्ये २६ एप्रिलला तयार झालेली एक हवामान प्रणाली दक्षिण हिंदी महासागराकडे सरकली. तिथल्या जोरदार वाऱ्यांनी पाणी घुसळलं आणि त्या लाटा वारा मागे सोडून उत्तरेकडे निघाल्या. अशा लांबून आलेल्या लाटांना ‘स्वेल’ म्हणतात. केरळच्या मच्छीमारांचा यासाठी जुना शब्द आहे, ‘कल्लक्कडल’. अर्थ, चोरासारखा येणारा समुद्र. २०१२ मध्ये युनेस्कोनेही हा शब्द स्वीकारला.

६ मे रोजी, सोमवारी, कन्याकुमारी जिल्ह्यातल्या लेमूर बीचवर पाच मेडिकल विद्यार्थी लाटेत ओढले जाऊन बुडाले. इशारा तेव्हा लागू होता. आपल्या जवळचं उदाहरण हवं असेल तर १ फेब्रुवारी २०१६ आठवा. मुरूडच्या किनाऱ्यावर सहलीला आलेले १४ विद्यार्थी बुडाले. महिना फेब्रुवारीचा होता, म्हणजे पावसाळा नव्हता.

चार आकडे, बस्स

सर्फर अंदाज बघतात तेव्हा त्यांची नजर चार गोष्टींवर जाते: लाटेची उंची, पिरियड, वारा आणि भरती-ओहोटी. एकेक घेऊ.

पहिली, उंची. अंदाजात ‘लाट १.५ मीटर’ लिहिलं असेल तर सगळ्या लाटा दीड मीटरच्या, असा अर्थ होत नाही. सर्वात मोठ्या एक तृतीयांश लाटांची ती सरासरी असते. त्यामुळे अधूनमधून एखादी लाट जवळपास दुप्पट, म्हणजे तीन मीटरची येऊ शकते. शिवाय उंची दुप्पट झाली की लाटेतली ऊर्जा चौपट होते. गुडघ्याएवढी लाट आणि कमरेएवढी लाट यांत ‘थोडासाच’ फरक नसतो, तो असा.

दुसरी, पिरियड. हा आकडा बहुतेक जण बघतच नाहीत, आणि खरी गोम इथेच आहे. एक लाट गेल्यावर दुसरी यायला जितके सेकंद लागतात तो पिरियड. ६-७ सेकंद असेल तर लाट जवळच्याच वाऱ्याने उठवलेली, तोकडी. १५-१८ सेकंद असेल तर ती लांबचा प्रवास करून आलेली. खोल पाण्यात ७ सेकंदांच्या दोन लाटांमधलं अंतर असतं सुमारे ७५ मीटर, १५ सेकंदांच्या लाटांमधलं सुमारे ३५० मीटर. १८ सेकंदांच्या लाटांची ऊर्जा दिवसाला बाराशे किलोमीटर कापते. दक्षिण महासागरातली गडबड आठवडाभरात आपल्या दारात येते ती अशी. आणि अशी लाट उथळ पाण्यात आली की जास्त उंच उभी राहते.

तिसरी, वारा. शाळेच्या भूगोलातले खारे वारे आणि मतलई वारे आठवतायत? परीक्षेनंतर विसरलो, पण सर्फरचं सगळं गणित त्यावरच चालतं. पहाटे जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा मतलई वारा लाटेचा चेहरा गुळगुळीत ठेवतो. दुपारी समुद्राकडून खारा वारा सुटला की पाणी खवळलेलं, फेसाळ होतं. म्हणून जगभर सर्फर पहाटेच उठतात. फक्त एक लक्षात ठेवा, जमिनीकडून येणारा वारा हवेने फुगवलेली ट्यूब किंवा पॅडलबोर्ड गुपचूप आत समुद्रात नेतो.

चौथी, भरती-ओहोटी. आपल्याकडे सगळ्यात जास्त ठरवणारी गोष्ट हीच. का, ते कळायला आधी खडकाकडे वळू.

आपला ‘रीफ’ म्हणजे कातळ

पॅरिस ऑलिम्पिकमधला तो फोटो बघितला असेलच. ब्राझीलचा गॅब्रिएल मेडिना हवेत सरळ उभा, एक बोट वर, बाजूला सर्फबोर्डही तसाच उभा. तो फोटो पॅरिसचा नाही, ताहितीच्या तेआहुपोचा आहे. २०२४ च्या ऑलिम्पिकमधलं सर्फिंग तिथे झालं, कारण तिथे ‘रीफ ब्रेक’ आहे. खोल समुद्रातून आलेली लाट अचानक उथळ प्रवाळावर आदळते आणि दरवेळी जवळपास त्याच जागी, त्याच आकारात फुटते. वाळूच्या किनाऱ्यावर तळ सरकतो, त्यामुळे लाट आज इथे, उद्या तिथे. प्रवाळ किंवा खडक मात्र जागचा हलत नाही. म्हणून रीफवरची लाट सुंदर असते, आणि पडलात तर खाली वाळूची गादी नसते.

साधारण नियम असा: पाण्याची खोली लाटेच्या उंचीच्या सव्वापट-दीडपटीवर आली की लाट फुटते. दोन मीटरची लाट अडीच-पावणेतीन मीटर पाण्यात फुटणार. आपल्या अंग्रिया बँकेला हा नियम लावून बघा. विजयदुर्गच्या पश्चिमेला सुमारे १०५ किलोमीटरवर, कान्होजी आंग्रेंचं नाव मिरवणारं हे प्रवाळाचं पठार पाण्याखाली निदान २० मीटरवर आहे. त्यामुळे प्रवाळ असूनही तिथे सर्फिंगची लाट फुटत नाही.

नवी मुंबईत रीफ ब्रेक नाही. पण कातळ आहे आणि तो भरपूर आहे. उरणच्या पीरवाडीला ओहोटीत उघडे पडणारे खडक, अलिबागच्या कुलाबा किल्ल्याची वाट, वांद्र्याचं बॅण्डस्टँड. आपण तिथे सर्फिंग करत नाही, आपण तिथे बसतो. फोटो काढतो. आणि लाट तिथेच फुटते. जानेवारी २०१६ मध्ये बॅण्डस्टँडला सेल्फी काढताना एक तरुणी समुद्रात पडून गेली, त्यानंतर मुंबई पोलिसांनी शहरात सेल्फीबंदीच्या जागा ठरवल्या.

कातळावर माणसं फसतात ती शांततेमुळे. लांब पिरियडच्या लाटा झुंडीने येतात. चार-पाच मोठ्या लाटांचा एक ‘सेट’, मग कितीतरी मिनिटं काहीच नाही. तुम्ही नेमके त्या मधल्या वेळात पोचलात तर खडक कोरडा, समुद्र तळ्यासारखा वाटतो. म्हणून सर्फर आल्या आल्या पाण्यात उतरत नाहीत. पंधरा-वीस मिनिटं नुसतं बघत बसतात. खडक ओला आहे का, कुठपर्यंत ओला आहे, तेही बघतात. ओल्या रेषेच्या खाली लाट येऊन गेलेली आहे, पुन्हा येणार.

पाऊणपटीचं गणित

मुंबई-रायगडच्या किनाऱ्याला दिवसातून दोनदा भरती, दोनदा ओहोटी. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाणाची भरती असते, तेव्हा पाणी चार-पाच मीटरनेही वरखाली होतं. अष्टमीच्या सुमाराला भांगाची, म्हणजे लहान भरती. किनाऱ्यावरचे लोक भरतीची वेळ तिथीवरून काढतात. तिथीची पाऊणपट करा, तितके वाजता पूर्ण भरती. चतुर्थी असेल तर तीन, अष्टमी असेल तर सहा. अमावास्या-पौर्णिमेला साधारण बारा. दुपारी तशी रात्रीही. त्यानंतर सहा तासांनी पूर्ण ओहोटी. थोडं इकडेतिकडे होतं, म्हणून भरतीचा तक्ताही बघायचा, पण घरातल्या कॅलेंडरवर एवढा अंदाज फुकट मिळतो.

आणखी एक गोष्ट. भरतीचं पाणी सहा तास एकाच वेगाने चढत नाही. पहिल्या तासात जेमतेम बारावा हिस्सा, पण तिसऱ्या-चौथ्या तासात मिळून निम्मं पाणी चढतं. उधाणाच्या दिवशी या दोन तासांत दोन मीटर! ओहोटीला चालत खडकावर गेलेल्या ग्रुपला ‘आत्ता तर पाणी लांब होतं’ असं वाटतं ते यामुळे. कुलाबा किल्ल्यात जाणाऱ्यांनी तर परतायची वेळ आधी काढावी, फोटो मग.

हे गणित रोज डोळ्यांनी बघायचं तर आपल्याकडे फ्लेमिंगो आहेत. ओहोटीला ते ठाणे खाडीच्या चिखलात चरतात, भरतीने चिखल बुडाला की नेरूळच्या डीपीएस तलावासारख्या पाणथळींत येतात.

वर्षभराचा अंदाज

जून ते सप्टेंबर: प्रश्नच नाही. नैऋत्य मोसमी वाऱ्यांनी खोल समुद्रातल्या लाटा तीन-चार मीटरच्या होतात. १ जून ते ३१ जुलै मासेमारीही बंद असते. ज्यांचा जन्म होडीत गेला ते घरी बसतात, तर आपण कोण?

ऑक्टोबर ते फेब्रुवारी: समुद्र बराच शांत, सकाळी मतलई वारा. गोव्यात अश्वे-मांद्रेकडे सर्फिंग शिकायला लोक जातात ते याच मोसमात. पण इराणी आखाताकडचे ‘शमाल’ वारे सुटले की वायव्येकडून लाटा आपल्यापर्यंत येतात. हिवाळा म्हणजे कायम शांत, असं समजू नका.

मार्च ते मे: फसवा काळ. सकाळ छान, दुपारनंतर वायव्येचा जोरदार वारा. आणि दक्षिणेकडून येणारा कल्लक्कडल बहुतेक याच महिन्यांत. नेमक्या तुमच्या सुट्ट्याही तेव्हाच.

आता एक सराव. दोन दिवस आहेत, दोन्ही दिवशी लाट १.२ मीटर, आकाश निरभ्र. पहिल्या दिवशी पिरियड ६ सेकंद, वारा जोरात, अष्टमी. दुसऱ्या दिवशी पिरियड १६ सेकंद, वारा पडलेला, अमावास्या, आणि तुम्ही सकाळी नऊला खडकावर. फोटोत दुसरा दिवस जास्त सुंदर दिसेल. पण भरती बाराला पूर्ण होणार, म्हणजे नऊला पाणी सर्वात वेगाने चढत असणार, आणि लाट लांबून आलेली. खडकाचा प्लॅन रद्द करायचा तो या दिवशी. पहिल्या दिवशीही पाण्यात उतरायचं की नाही, ते तिथल्या जीवरक्षकाला विचारूनच.

निघण्यापूर्वी

इन्कॉइसची वेबसाइट किंवा त्यांचं ‘समुद्र’ ॲप उघडा. ‘हाय वेव्ह’ किंवा ‘स्वेल सर्ज’ अलर्ट आहे का, ते बघा. हवामान विभागाचा मच्छीमारांसाठीचा इशारा वाचा. त्यांच्या होड्या आत जाणार नसतील तर तुमचंही काम नाही. पोचल्यावर एखाद्या कोळी काकांना किंवा मावशींना विचारा, ‘आज पाणी कसं आहे?’ उत्तर आवडलं नाही तरी ऐका.

पाण्यात असताना ओढ लागली आणि किनारा लांब जायला लागला तर सरळ किनाऱ्याकडे पोहत ताकद घालवू नका. तरंगत राहा, हात वर करा, किनाऱ्याला समांतर बाजूला सरका, मग आत या. मित्र बुडताना दिसला तर मागून उडी मारू नका. दोरी, रिकामा कॅन, ट्यूब, जे तरंगेल ते फेका आणि फोन करा. ११२ पोलीस मदत, १०९३ सागरी पोलीस, १५५४ तटरक्षक दल. हे तीन नंबर आत्ताच सेव्ह करून ठेवा, कातळावर रेंज शोधत बसू नका.

आणि पुढच्या शुक्रवारी ग्रुपवर कुणी सूर्याचा स्क्रीनशॉट टाकला की त्याला एवढंच विचारा, ‘पिरियड किती, आणि तिथी कोणती?’