सीताफळाचे कामकरी

कामगार चळवळीतल्या माणसाने झाडांवर बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. शाळा आम्ही फारशी पाहिली नाही. पण आज ज्यांच्याविषयी बोलणार आहोत तेही कामकरीच आहेत. फक्त त्यांची नावे कोणत्याही हजेरीपटावर नाहीत.

आपला बीड जिल्हा ऊसतोड कामगारांचा, तसाच सीताफळांचा. बालाघाटच्या माळरानांवर आणि उतारांवर हे झाड कोणी न लावता वाढते. २०१६ साली बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकनही मिळाले. दसरा-दिवाळीच्या सुमारास कोयता कारखान्याच्या वाटेला लागतो. त्याआधी या फळांच्या पाट्या विकून कित्येक घरांत चार पैसे येतात.

आमच्या परसात पाच झाडे आहेत. एके वर्षी त्यांवर पिठ्या ढेकूण दिसला. दुकानातून आणलेले औषध आम्ही दोनदा मारले. ढेकूण नाहीसा झाला आणि महिन्याभरात दुपटीने परतला. पुढे फुले भरपूर आली, फळे मात्र मोजून अकरा धरली. ती खोड आम्हाला या विषयाकडे घेऊन गेली.

सीताफळाच्या फुलात स्त्रीकेसर आधी तयार होतात, पराग मागाहून सुटतो. त्यामुळे फुलाचे आपले आपल्यात भागत नाही. तीन जाड पाकळ्या, त्याही अर्धवट मिटलेल्या. मधमाशी तिकडे सहसा फिरकत नाही. हे काम करतात तिळाएवढे तपकिरी भुंगेरे. त्यांना पिकून आंबलेल्या फळाचा वास आवडतो आणि या फुलाचा वास त्याच जातीचा असतो. पराग सुटलेल्या फुलातून माखून निघालेला भुंगेरा नुकत्याच उमलू लागलेल्या फुलात शिरला, की फळ धरण्याची आशा. तरीही शंभर फुलांतली फार थोडीच धरतात, आणि उन्हाळ्याच्या कोरड्या वाऱ्यात तर केसर वाळूनच जातात. म्हणून झाडाखाली पालापाचोळा राहू द्यावा. ओलावा टिकतो, आणि हे भुंगेरे मातीतच कोष करतात. आम्ही फुलोऱ्याच्या दिवसांत आंब्याच्या साली, नासके केळे असे काहीबाही मडक्यात घालून बुंध्याशी ठेवतो. शेजारी नाक मुरडतात, मुरडोत.

फुलोऱ्यात जालीम औषध मारले की हे सारे मरतात. आणि केवळ तेच मरतात असे नाही. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन २० हून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. पंप ज्याच्या पाठीवर असतो तो बहुधा रोजंदारीचा माणूस असतो, हे आम्ही सांगायला नको.

मग ढेकणाचे काय करावे? आधी मुंगळ्यांकडे पाहावे. ढेकणाच्या अंगातून गोड चिकटा पाझरतो. तो मुंगळ्यांना हवा असतो, म्हणून ते ढेकणाच्या शत्रूंना हुसकावून लावतात. करार लेखी नाही, पण पाळतात चोख! जमिनीला टेकणाऱ्या फांद्या छाटाव्यात, बुंध्याला कापडाची पट्टी बांधून तिच्यावर ग्रीस फासावे. मुंगळ्यांची वाट बंद. फारच झाले तर पाव किलो निंबोळीचा कूट रात्रभर भिजवून, गाळून, पाच लिटर पाणी करून संध्याकाळी फवारावे, फुलांवर नको.

मुंगळे हटले की ढालकिडे येतात. ढेकूण हेच ज्यांचे अन्न, असा एक ढालकिडा १८९८ साली ऑस्ट्रेलियातून मुद्दाम हिंदुस्थानात आणला गेला. आजही कृषी विद्यापीठे तो बागेत सोडायला सांगतात. आपले देशी भाऊबंदही आहेतच. गंमत अशी, की यांतल्या काहींच्या अळ्या पांढऱ्या मेणाने माखलेल्या, हुबेहूब ढेकणासारख्या दिसतात. आमच्या मंडळींनी एकदा खराटा घेऊन झाड साफ केले, तेव्हा खाली पडलेल्यांत निम्मी आपलीच माणसे निघाली. तेव्हापासून पांढरे काही दिसले की आम्ही काडीने डिवचून पाहतो. जागचे फारसे हलत नाही तो ढेकूण. लगबगीने पळू लागते तिला सोडून द्यायचे.