काच, क्विनीन आणि जुने अंक

जुने दिवाळी अंक उन्हाच्या खिडकीसमोर ठेवले की त्यांचे कणे फिके पडतात. ‘पण कपाटाला काच आहे ना!’ असे संग्राहक हमखास म्हणतात. ही काच नेमके काय अडवते, ते घरीच तपासता येते.

१८५२ मध्ये जॉर्ज स्टोक्स यांनी सूर्याच्या वर्णपटात जांभळ्याच्याही पलीकडे, जिथे डोळ्याला काहीच दिसत नाही तिथे, क्विनीनच्या द्रावणाची नळी धरली. द्रावण निळे उजळले. बाजारातल्या टॉनिक वॉटरमध्ये हेच क्विनीन असते. अंधाऱ्या खोलीत त्याचा पेला ठेवून मी ३६५ नॅनोमीटरची अतिनील बॅटरी मारतो आणि मध्ये एकेक वस्तू धरतो. (३९५ची स्वस्त बॅटरी नको, तिचा जांभळा उजेडच फसवतो. आणि झोतात डोळे घालू नयेत.)

खिडकीची साधी काच धरली तर निळाई जवळपास तशीच राहते. तितकाच स्वच्छ पारदर्शक पॉलिकार्बोनेटचा चष्मा धरला की विझते. पातळ पांढऱ्या सुती कापडातून थोडी झिरपते, कापड भिजवले की वाढते.

काच मुख्यतः ३१५ नॅनोमीटरखालची, कातडी भाजणारी किरणे थोपवते. ३१५ ते ४०० या पट्ट्यातली बरीचशी आत येतात, आणि लिग्निन असलेला स्वस्त कागद पिवळा करायला ती पुरतात. २०१२ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ने २८ वर्षे ट्रक चालवलेल्या एका माणसाचे छायाचित्र छापले होते: खिडकीकडचा डावा गाल सुरकुत्यांनी भरलेला, उजवा कितीतरी तरुण.

अतिनील अडवणारी फिल्म काचेला लावता येते. पण साधा उजेडही शाई उडवतोच. माझ्या कपाटाला आतून जाड काळा पडदा आहे.