मानवी भ्रूणावरील संशोधन : विज्ञान, नीती आणि कायदा

बेळगाव, निपाणी, चिकोडी व खानापूर या परिसरातील अनेक अपत्यहीन दांपत्ये उपचारांसाठी बेळगाव, कोल्हापूर किंवा मिरज येथे जातात. शरीराबाहेर गर्भधारणा घडवून आणण्याचा उपचार, म्हणजे सर्वसामान्यांच्या भाषेत 'टेस्ट ट्यूब बेबी', आता या भागाला अपरिचित राहिलेला नाही. या उपचाराच्या वेळी दांपत्यापुढे सहीसाठी जे कागद येतात त्यांत एक प्रश्न असतो : उपचारानंतर शिल्लक राहणाऱ्या भ्रूणांचे काय करावयाचे? पुष्कळदा हा प्रश्न न वाचताच सही केली जाते. वस्तुतः मानवी भ्रूणावरील संशोधनाचा सारा नैतिक व कायदेशीर विचार या एका प्रश्नात सामावलेला आहे. म्हणून या विषयाची माहिती ग्रामस्थ, शिक्षक व अधिकारी या सर्वांना असणे अगत्याचे आहे.

भ्रूण म्हणजे काय?

स्त्रीबीज व पुरुषबीज यांचा संयोग झाल्यावर जी एक पेशी तयार होते तिच्यापासून भ्रूणाची वाढ सुरू होते. एकीच्या दोन, दोहोंच्या चार अशा पेशी वाढत जातात. पाचव्या दिवसाच्या सुमारास शंभराहून अधिक पेशींचा एक पोकळ गोळा तयार होतो. तो मोहरीच्या दाण्याहून कितीतरी लहान असतो. त्याला हृदय, मेंदू किंवा मज्जातंतू यांपैकी काहीही नसते; परंतु गर्भाशयात रुजल्यास त्यातून मूल जन्मास येण्याची शक्यता असते.

उपचारात स्त्रीला इंजेक्शने देऊन एकाच वेळी अनेक स्त्रीबीजे मिळविली जातात व प्रयोगशाळेत त्यांचे फलन केले जाते. त्यांतील एक किंवा दोन भ्रूण गर्भाशयात सोडून उरलेले द्रवरूप नायट्रोजनमध्ये, उणे १९६ अंश सेल्सिअस तपमानात, गोठवून ठेवतात. पहिला प्रयत्न अयशस्वी ठरल्यास ते उपयोगी पडतात. मूल झाल्यावर मात्र त्यांतील काही शिल्लक राहतात. संशोधनाचा प्रश्न प्रामुख्याने या शिल्लक भ्रूणांविषयीचा आहे.

आपल्या देशातील वाटचाल

जगातील पहिले असे बालक इंग्लंडमध्ये २५ जुलै १९७८ रोजी जन्मले. त्यानंतर अवघ्या दहा आठवड्यांनी, ३ ऑक्टोबर १९७८ रोजी, कलकत्त्यात डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांच्या प्रयत्नाने एका मुलीचा जन्म झाला. त्यांनी भ्रूण ५३ दिवस गोठवून ठेवला होता. परंतु तेथील शासनाने नेमलेल्या समितीने त्यांच्या कार्यावर विश्वास ठेवला नाही आणि १९८१ साली त्यांनी आपले जीवन संपविले.

मुंबईत महानगरपालिकेच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा व परळ येथील प्रजनन संशोधन संस्थेचे डॉ. टी. सी. आनंदकुमार यांच्या सहकार्यातून ६ ऑगस्ट १९८६ रोजी एक कन्या जन्मली. हे कार्य शास्त्रीय नोंदींसह पूर्ण झाल्याने ते देशातील पहिले मानले गेले. पुढे डॉ. मुखोपाध्याय यांची कागदपत्रे अभ्यासून आनंदकुमार यांनीच १९९७ मध्ये पहिल्या यशाचे श्रेय त्यांना दिले. विषयाचे ज्ञान नसलेले नियंत्रण हे नियंत्रणाच्या अभावाइतकेच घातक ठरू शकते, हा धडा या घटनेतून मिळतो.

संशोधन कशासाठी?

बहुसंख्य भ्रूण गर्भाशयात का रुजत नाहीत, वारंवार गर्भपात का होतात, आनुवंशिक रोगांचा उगम कोठे होतो, या प्रश्नांची उत्तरे भ्रूणाच्या पहिल्या काही दिवसांच्या अभ्यासावर अवलंबून आहेत. दुसरे कारण मूलपेशींचे. भ्रूणातील या पेशींपासून शरीरातील कोणत्याही प्रकारची पेशी बनू शकते. १९९८ साली अमेरिकेत त्या प्रथम प्रयोगशाळेत वाढविण्यात आल्या. २००१ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने मूलपेशींच्या ज्या वंशावळींची यादी केली, तीत मुंबईच्या एका खाजगी संस्थेच्या सात व बंगळूरच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्राच्या तीन वंशावळींचा समावेश होता. पुढे परळच्या संस्थेतही अशा दोन वंशावळी तयार करण्यात आल्या. तात्पर्य, हा विषय केवळ परदेशातील नाही.

नैतिक प्रश्न

मूलपेशी मिळविताना भ्रूण नष्ट होतो. येथेच मतभेदास प्रारंभ होतो. फलनाच्या क्षणापासून मानवी जीवन सुरू होते, म्हणून भ्रूणाचा साधन म्हणून उपयोग करणे गैर आहे, असे अनेक धर्मनिष्ठ लोक मानतात. कॅथलिक चर्चची भूमिका हीच आहे. आपल्याकडेही गर्भाधानापासून संस्कार मानण्याची परंपरा आहे. याउलट, जो भ्रूण कोणत्याही गर्भाशयात सोडला जाणार नाही आणि नष्टच व्हावयाचा आहे, त्याच्या अभ्यासाने रोग्यांचे दुःख कमी होत असेल तर तसे न करणे हेच अनुचित, असे दुसऱ्या पक्षाचे म्हणणे आहे.

ब्रिटनमध्ये तत्त्वज्ञ मेरी वॉर्नॉक यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९८४ साली मध्यममार्ग सुचविला. भ्रूण म्हणजे पूर्ण व्यक्ती नव्हे, परंतु ती निव्वळ वस्तूही नव्हे. म्हणून संशोधन फलनानंतर चौदा दिवसांपर्यंतच करावे, अशी शिफारस समितीने केली. याच सुमारास भ्रूणावर शरीराच्या अक्षाची पहिली रेषा उमटते. तोपर्यंत एका भ्रूणाची दोन जुळी होऊ शकतात. त्यानंतर तो एकच जीव म्हणून निश्चित होतो. २०२१ साली मूलपेशी संशोधकांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने ही मर्यादा आपल्या सरसकट निषिद्ध गोष्टींतून वगळली. तथापि भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद व जैवतंत्रज्ञान विभाग यांच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत चौदा दिवस किंवा ती रेषा उमटणे, यांपैकी जे आधी घडेल ती मर्यादा घातलेली आहे. मानवाची प्रतिकृती निर्माण करणे आणि जनुकांत बदल केलेला भ्रूण गर्भाशयात सोडणे ही तत्त्वे निषिद्ध मानतात. चीनमध्ये २०१८ साली एका शास्त्रज्ञाने असा प्रयोग करून जुळ्या मुली जन्मास आणल्याचे जाहीर केले. पुढील वर्षी न्यायालयाने त्याला तीन वर्षांची शिक्षा दिली.

कायदा काय सांगतो?

मार्गदर्शक तत्त्वांना कायद्याचे बळ नसते. ही उणीव काही अंशी सहाय्यक पुनरुत्पादन तंत्रज्ञान (विनियमन) अधिनियम, २०२१ याने दूर केली. तो २५ जानेवारी २०२२ पासून अमलात आला. त्यातील प्रमुख तरतुदी अशा :

(१) प्रत्येक उपचार केंद्राची व बीजपेढीची नोंदणी आवश्यक आहे.

(२) सर्व संबंधितांच्या लेखी संमतीशिवाय भ्रूण गोठविता येत नाही अथवा कोणत्याही कारणासाठी वापरता येत नाही. भ्रूण गर्भाशयात सोडण्यापूर्वी दांपत्यास संमती मागे घेता येते.

(३) भ्रूण जास्तीत जास्त दहा वर्षे साठविता येतो. त्यानंतर तो नष्ट होऊ द्यावा, अथवा दांपत्याच्या संमतीने नोंदणीकृत संशोधन संस्थेस द्यावा.

(४) भ्रूणाची विक्री करता येत नाही. संशोधनासाठी तो परदेशी पाठविण्यास पूर्ण बंदी आहे.

(५) स्त्रीबीज देणारी स्त्री २३ ते ३५ वर्षे वयाची असावी. तिने आयुष्यात एकदाच स्त्रीबीज द्यावे, सातांहून अधिक स्त्रीबीजे काढू नयेत व तिचा विमा उतरवावा.

(६) भ्रूणाची आनुवंशिक तपासणी केवळ रोगनिदानासाठी करता येते. मुलगा की मुलगी अशी निवड करणे हा पाच ते दहा वर्षे कारावासाचा गुन्हा आहे.

शेवटच्या तरतुदीचे महत्त्व या भागास विशेष आहे. २००१ च्या जनगणनेत शेजारच्या कोल्हापूर जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे केवळ ८३९ मुली होत्या. गर्भलिंगनिदानाविरुद्ध महाराष्ट्राने १९८८ मध्ये व केंद्राने १९९४ मध्ये कायदा केला, तरीही ही स्थिती होती. जे पूर्वी गर्भाच्या बाबतीत घडले ते भ्रूणाच्या बाबतीत घडू नये, यासाठी दक्षता हवी.

सीमाभागातील एक अडचण

हा कायदा केंद्राचा असल्याने निपाणीच्या दांपत्याने बेळगावात उपचार घेतले काय किंवा कोल्हापुरात घेतले काय, हक्क तेच राहतात. मात्र राज्य मंडळे व सक्षम प्राधिकरणे प्रत्येक राज्याची वेगळी असल्याने तक्रार करावयाची झाल्यास केंद्र ज्या राज्यात असेल तेथील प्राधिकरणाकडे जावे लागते. प्रत्येक केंद्रात तक्रार निवारण कक्ष असणेही बंधनकारक आहे.

खरी अडचण भाषेची आहे. संमतिपत्र इंग्रजीत, डॉक्टरांचे बोलणे कानडीत आणि दांपत्याचे वाचन मराठीत, असा प्रकार येथे सहज संभवतो. निपाणीच्या विडी कामगार स्त्रियांपैकी कितीतरी जणींना कोणतीच भाषा नीट वाचता येत नाही. संशोधनात सहभागी होणाऱ्यास त्याच्या भाषेत माहिती दिली पाहिजे, असे परिषदेच्या नीतितत्त्वांत स्पष्ट म्हटले आहे. न समजलेल्या कागदावरील सही वा अंगठा म्हणजे संमती नव्हे. म्हणून दांपत्याने पुढील गोष्टी निःसंकोच विचाराव्यात : केंद्राचे नोंदणीपत्र कोठे आहे? किती भ्रूण तयार झाले व किती गोठविले? साठवणुकीचा खर्च किती? शिल्लक भ्रूण कोणत्या संस्थेस व कोणत्या कामासाठी दिले जातील? नकार दिल्यास उपचारांत काही फरक पडेल काय? या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर 'नाही' असेच असावयास हवे.

या कामी शिक्षकांचे साह्य मोलाचे ठरेल. संमतिपत्र वाचून दाखविणे व त्याचा अर्थ सोप्या मराठीत सांगणे ही मोठीच सेवा होय. संशोधन संस्थांच्या नीतिसमित्यांवर डॉक्टरांबरोबर कायदेतज्ज्ञ व सामान्य नागरिक यांनाही स्थान असते. दोन्ही भाषा जाणणाऱ्या जबाबदार व्यक्तींनी ते स्वीकारण्यास पुढे यावे. आरोग्य खात्याच्या अधिकाऱ्यांनी आपल्या हद्दीतील नोंदणीकृत केंद्रांची यादी ग्रामपंचायतींच्या फलकांवर मराठीत व कानडीत लावल्यास अपत्याच्या आशेने दूरवर जाणाऱ्या दांपत्यांची फसवणूक बऱ्याच अंशी टळू शकेल.