उंबर फोडलं की तास सुरू

बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात शाळेची मुलं बसमधून उतरली की पहिला प्रश्न ठरलेला असतो: ‘‘ताई, बिबट्या दिसेल?’’ दिसत नाही. मुंबई-ठाण्याच्या कुशीतल्या या सुमारे १०३ चौरस किलोमीटर रानात बिबटे आहेत, पण चाळीस मुलांचा कलकलाट ऐकून समोर यायला ते खुळे नाहीत. निसर्गफेरी नेणारी जाणती ताई मग सगळ्यांना उंबराखाली बसवते आणि खाली पडलेलं एखादं हिरवट-तांबूस फळ फोडते. तास तिथे सुरू होतो.

आधी ‘शी, किडे!’ होतं. होऊ द्यावं. मग भिंग हातोहात फिरू लागतं. उंबराला फूल दिसत नाही असं मुलांनी घरी ऐकलेलं असतं. इथे कळतं, की आपण ज्याला फळ म्हणतो ती आतून फुलांनी गच्च भरलेली बंद कुपी आहे. आत जायची वाट एकच, टोकाशी असलेलं बारीक छिद्र. जेमतेम दोन मिलिमीटरची गांधीलमाशीची मादी त्यातून अंग चेपत शिरते, आणि पंख बहुधा तिथेच तुटून पडतात. बरोबर आणलेले पराग ती फुलांना देते, काही फुलांत अंडी घालते आणि आतच मरते. काही आठवड्यांनी पुढची पिढी तयार होते. नर आधी बाहेर पडतात. त्यांना पंखच नसतात. माद्यांशी जोडी जमवायची, फळाच्या भिंतीला भोक पाडायचं, एवढं झालं की त्यांचं आयुष्य संपलं. माद्या ताजे पराग घेऊन त्याच भोकातून उडतात आणि हाताशी असलेल्या एकदोन दिवसांत दुसरं उंबर गाठतात. माशीवाचून उंबराला बी नाही, उंबरावाचून माशीला घर नाही.

हे ऐकून एखादा हमखास विचारतो, ‘‘म्हणजे मी आजवर उंबरातून किती माश्या खाल्ल्या?’’ वर्गातल्या परागीभवनाच्या व्याख्येला असले प्रश्न कधी फुटत नाहीत.

पर्यावरण शाळेत शिकवलंच पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली बजावलं. विषय आला, पुस्तक आलं, गुणही आले. रान मात्र फार थोड्यांच्या वाट्याला आलं. १८८३ साली स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने याच उद्यानाला लागून, गोरेगावच्या चित्रनगरीत, ३३ एकरांवर संवर्धन शिक्षण केंद्र उभारलं. तिथे शाळा आणि हौशी गट निसर्गफेऱ्यांना येतात.

अशा फेऱ्यांत जगभर खेळला जाणारा एक खेळ अमेरिकेच्या जोसेफ कॉर्नेल यांनी १९७९ च्या आपल्या पुस्तकातून लोकप्रिय केला. एकाचे डोळे बांधायचे, जोडीदाराने त्याला फिरवत फिरवत एका झाडापाशी न्यायचं. सालीवरून हात फिरवायचा, मिठीत घेर मावतो का बघायचं, मुळाशी चाचपायचं. परत आणून पट्टी सोडली की आपलं झाड ओळखायचं. ऐनाची साल खोल भेगांची. कांडोळाची गुळगुळीत, पापुद्रे सुटणारी. कोवळ्या काटेसावरीला मात्र मिठी मारायला लावू नये. मुलं झाड शोधून काढतात. मोठ्यांच्या गटाला हाच खेळ दिला, तर निम्मा वेळ लाजण्या-हसण्यातच जातो.

पण या रानातला सगळ्यात अवघड धडा कारवीचा. उतारच्या उतार तिने झाकलेले असतात आणि तरी मुलं तिच्याकडे न बघता पुढे जातात. खरखरीत पानांखेरीज बघण्यासारखं काही नसतंच. सात वर्षं हेच. आठव्या वर्षी ऑगस्ट-सप्टेंबरात सगळी कारवी एकदम जांभळी होते, मधमाश्यांची झुंबड उडते, मग बी धरतं आणि सगळी झुडपं एकदमच वाळून मरतात. पुढच्या पावसाळ्याच्या पहिल्या सरी आल्या की सुकलेली बोंडं तडतडत फुटतात. जवळ उभं राहिलं तर ऐकूही येतं. एकाच वेळी इतकं बी सांडतं, की ते खाणाऱ्यांनी कितीही खाल्लं तरी रुजायला पुरेसं उरतं. एवढी वर्षं थांबण्यामागचा हिशेब हा असावा. वाळक्या काठ्याही फुकट जात नाहीत, आदिवासी पाड्यांवर कुडाच्या भिंतींना त्या लागतात.

इथे ती २००८, २०१६ आणि २०२४ साली फुलली. पुढची पाळी २०३२ ची. शाळेची वर्षं दहा आणि कारवीची आठ, म्हणजे प्रत्येक मुलाच्या शालेय आयुष्यात तिचा एक बहर येतोच. पहिली-दुसरीत पाहणाऱ्याला तर नववी-दहावीत तो पुन्हा पाहता येतो. २०२५ च्या जूनमध्ये पहिलीत गेलेली मुलं २०३२ साली आठवीत असतील. अडचण एकच आहे: ऑगस्ट-सप्टेंबर म्हणजे ऐन घटक चाचण्यांचा हंगाम.