तक्त्यातली भगदाडं

मराठी शाळेत इंग्रजीचा तास नवा असतो तेव्हा हशा हमखास एकाच जागी पिकतो. बाई फळ्यावर लिहितात आणि वर्ग सुरात म्हणतो: आय म्हणजे मी, वी म्हणजे आम्ही, यू म्हणजे तू, यू म्हणजे तुम्ही, ही म्हणजे तो, शी म्हणजे… आणि मागचा बाक फुटतो. त्यातून 'ही' हा शब्द आपल्याकडे बाईमाणसाचा, तिकडे पुरुषाचा. 'दे' म्हटलं की शेजारचा हात पुढे करतो. 'माय' म्हणजे माझं. आणि 'मी' म्हणजे चक्क मी, फक्त 'मला' या अर्थानं. यातली बाकीची साम्यं योगायोगाची आहेत, हे शेवटचं मात्र नाही. त्याकडे येऊच.

हसून झालं की तक्ता पाठ होतो. तर्खडकरांची भाषांतर पाठमाला घोकणाऱ्या पणजोबांनी तो पाठ केला आणि २००० साली पहिलीपासून इंग्रजी सुरू झाल्यावर सहा वर्षांच्या पोरांनीही केला. मोजून सात शब्द. इंग्रजीतला सगळ्यात सोपा धडा.

पण हा तक्ता जरा डोळे बारीक करून बघा. एकवचनाचा एक रकाना, अनेकवचनाचा दुसरा. 'यू' दोन्हीकडे! तो, ती, ते या तिघांना एकवचनात वेगवेगळे शब्द, आणि अनेकवचनात तिघांना मिळून एकटा 'दे'. आम्ही आणि आपण, दोन्ही 'वी'मध्येच कोंबलेले. एवढ्या प्रचंड शब्दसंपत्तीची भाषा, तिला 'तू' आणि 'तुम्ही'साठी दोन शब्द परवडले नाहीत?

आधी 'वी' घेऊ. शेजारचे काका म्हणाले, "रविवारी आम्ही महाबळेश्वरला चाललोय," तर तुम्ही म्हणता, "वा, मजा करा." तेच काका म्हणाले, "रविवारी आपण महाबळेश्वरला चाललोय," तर तुम्ही स्वेटर शोधायला लागता. आमंत्रण दिलं गेलं, स्वीकारलं गेलं, आणि सगळं काम एका सर्वनामानं केलं! इंग्रजीतला 'वी' ऐकून मात्र पाहुणा घुटमळतो: यांच्या 'वी'मध्ये मी आहे की नाही? हिंदीतल्या 'हम'चीही तीच अडचण. संस्कृतातही एकच 'वयम्' होता. मग मराठीत ही चैन आली कुठून? तेलुगूत 'मनमु' आणि 'मेमु', तमिळमध्ये 'नाम्' आणि 'नांगळ्' हा भेद मुरलेला आहे, आणि मराठी-गुजरातीनं तो या द्राविडी शेजारातून उचलला असावा, असं भाषाशास्त्रज्ञ मानतात. वाक्यागणिक आपण तो वापरतो आणि पत्ताही लागत नाही. इंग्रजी शिकायला लागल्यावर, 'वी' अपुरा पडल्यावर, पहिल्यांदा कळतं की आपल्याकडे काय होतं.

असाच दुसरा ऐवज. "सुरेश महेशला भेटला आणि आपल्या घरी गेला." कोणाच्या घरी? सुरेशच्या, शंकाच नाही. "सुरेश महेशला भेटला आणि त्याच्या घरी गेला." आता बहुधा महेशच्या. इंग्रजीत दोन्ही वाक्यांना एकच 'हिज'. भाषांतराच्या वहीत विद्यार्थी बिनधास्त 'हिज' लिहितो, बाई बरोबरची खूण करतात, आणि सुरेश नेमका कुठल्या घरात शिरला ही माहिती दोघांच्या देखत नाहीशी होते.

आता उलट बाजू. इंग्रजी मागते आणि मराठी मागत नाही, असं काय? "जेवलीस?" एकच शब्द. त्यात सर्वनाम नाही, तरी समोरची व्यक्ती एकटी आहे, बाई आहे, अरेतुरेतली आहे आणि विचारलंय ते झालेल्या जेवणाबद्दल, एवढं सगळं शेपटीतल्या 'लीस'नं सांगून टाकलं. इंग्रजी क्रियापदालाही पूर्वी अशा शेपट्या होत्या. हजार वर्षांत त्या झिजल्या. वर्तमानकाळात 'ही ईट्स'मधला 'स' तेवढा उरला. शेपूट नाही, म्हणून कर्ता तोंडानं सांगावाच लागतो. मग कर्ताच नसेल तर?

"पाऊस पडतोय." इंग्रजीत: 'इट इज रेनिंग'. हा 'इट' कोण? आभाळ? ढग? पाऊस स्वतः? कोणीच नाही! एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरावी, तसा तो कर्त्याच्या जागेवर टाकलेला आहे. माणूस येणारच नाहीये, पण जागा रिकामी दिसता कामा नये. पाच वाजले, इट. उकडतंय, इट. स्टेशन लांब आहे, इट. मराठी विद्यार्थी वर्षानुवर्षं 'इज व्हेरी हॉट टुडे' म्हणत राहतो, कारण रिकाम्या जागेची लाज वाटायचं त्याला घरी कोणी शिकवलेलंच नसतं. माझं मत विचाराल तर सर्वनामांचा सराव हवामानापासूनच सुरू करावा. 'ही' आणि 'शी' आपले आपण येतात. 'इट' हाडात मुरवावा लागतो.

'ही' आणि 'शी' येतात, असं म्हटलं ते माणसांपुरतं. खुर्ची मोडली की आपल्या जिभेवर 'शी' येतो, पंखा बिघडला की 'ही'. गंमत म्हणजे जुन्या इंग्रजीत हे चाललं असतं. हजार वर्षांपूर्वी त्या भाषेतही तीन लिंगं होती, आपल्याइतकीच लहरी. सूर्य स्त्रीलिंगी, चंद्र पुल्लिंगी. आजच्या 'वाइफ'चा पूर्वज 'वीफ' म्हणजे बाई, आणि तो शब्द होता चक्क नपुंसकलिंगी! पुढे सगळ्या निर्जीव वस्तू 'इट'च्या कोठारात गेल्या. एक जहाज तेवढं 'शी' म्हणून तरंगत राहिलं, पण १७३४ पासून निघणाऱ्या 'लॉइड्स लिस्ट' या जहाजधंद्याच्या पत्रानंही २००२ मध्ये जहाजाला 'इट' म्हणायचं ठरवलं.

आणि आता ते मोठं भगदाड, 'यू'. तिथे पूर्वी 'दाऊ' राहायचा. 'दाऊ' म्हणजे तू, 'यी' म्हणजे तुम्ही. 'यू' हे 'यी'चं पडद्याआडचं रूप, 'तुम्हांला' असतं तसं. तेराव्या शतकाच्या सुमारास दरबारी फ्रेंचच्या वळणानं बड्या माणसाला एकटा असला तरी अनेकवचन लावायची पद्धत आली. म्हणजे अगदी आपलंच अहोजाहो. नोकराला दाऊ, मालकाला यू. पोराला दाऊ, बापाला यू.

हा भेद किती धारदार होता? नोव्हेंबर १६०३ मध्ये विंचेस्टरला वॉल्टर रॅलीवर राजद्रोहाचा खटला चालला. सरकारी वकील एडवर्ड कोक त्या सरदाराला भर न्यायालयात 'दाऊ' म्हणाला, आणि 'होय, मी तुला दाऊ म्हणतोय' हेही ठणकावून सांगितलं. 'दाऊ' हे त्यासाठी त्यानं क्रियापदच केलं. आपल्याकडे 'अरेतुरे करणं' आहे, तसंच! नंतर त्याच शतकात क्वेकर पंथाची माणसं आली. देवापुढे सगळे सारखे, मग न्यायाधीशाला तरी अहोजाहो कशाला, असं म्हणून ती सगळ्यांना 'दाऊ' म्हणू लागली. मार खाल्ला, पण हेका सोडला नाही. त्यांचा पुढारी जॉर्ज फॉक्स यानं १६६० मध्ये दोन सोबत्यांना घेऊन एक ग्रंथच काढला आणि त्यात अनेक भाषांचे दाखले देऊन पटवलं की एका माणसाला एकवचनच लावायचं असतं. धर्मसुधारकानं सर्वनामांचं पाठ्यपुस्तक छापावं, हे दुसऱ्या कुठे घडलं असेल?

सरशी मात्र उलट झाली. कोणाला काय म्हणावं या धास्तीनं लोक सगळ्यांनाच 'यू' म्हणू लागले आणि 'दाऊ' प्रार्थनेत, कवितेत आणि यॉर्कशरसारख्या भागांच्या बोलीत जाऊन बसला. 'इंग्रजीत सगळ्यांना अरेतुरे' असं आपण सहज म्हणतो. झालंय नेमकं उलटं. मेला तो 'तू'. इंग्रज माणूस आज कुत्र्यालाही 'अहो' म्हणतो.

हरवलेल्या 'दाऊ'कडे आणखी निरखून बघा. दाऊ, लॅटिन 'तू', संस्कृत 'त्वम्', मराठी 'तू'. तोच शब्द! 'वी' आणि 'वयम्', 'यी' आणि 'यूयम्', हेही एका घरातले. 'आय' वेगळा वाटतो, पण त्याचं जुनं रूप 'इच्', जर्मनमध्ये 'इश', लॅटिनमध्ये 'एगो', आणि संस्कृतात 'अहम्'. १७८६ मध्ये कलकत्त्यात विल्यम जोन्सनं संस्कृत, ग्रीक, लॅटिन एका मूळच्या असाव्यात असं जाहीरपणे मांडलं, त्याचा पुरावा शाळेच्या तक्त्यात असा उघडा पडलेला असतो. 'अहम्' आपल्याकडे कुठे गेला? गोव्यात जा. कोंकणी माणूस स्वतःला 'हांव' म्हणतो, गुजराती 'हुं' म्हणतो. हे त्याचेच वंशज. म्हणजे पणजीचा 'हांव' आणि लंडनचा 'आय' हे चुलतभाऊ. मराठीनं मात्र 'अहम्'ला निरोप दिला आणि 'मम', 'मया' यांच्या घराण्यातला 'मी' कर्त्याच्या गादीवर बसवला. इंग्रजीचा 'मी' त्याच घराण्यातला, पण तो अजून 'मला'च्याच नोकरीत आहे. आणि इंग्रजीनं अगदी हीच बढती दिली कोणाला? 'यू'ला. 'तुम्हांला'चा 'तुम्ही' झाला आणि जुना 'यी' घरी बसला. दोन भाषा, डाव एकच, प्यादी वेगळी!

राहिला 'दे'. नवव्या शतकाच्या उत्तरार्धात डेन्मार्क-नॉर्वेकडचे व्हायकिंग लूटमार करता करता इंग्लंडच्या उत्तरेला आणि पूर्वेला स्थायिक झाले. शेजार झाला, सोयरिकी झाल्या, शब्दांची देवघेव झाली. भाषा शेजाऱ्याकडून भाजीपाल्याची, हत्यारांची, कपड्यांची नावं सर्रास घेतात. सर्वनाम कोणी उसनं घेतं का? इंग्रजीनं घेतलं, कारण गळ्याशी आलं होतं. जुन्या इंग्रजीत 'तो' म्हणजे 'हे', 'ती' म्हणजे 'हेओ' आणि 'ते सगळे' म्हणजे 'हीए'. उच्चार झिजत गेले आणि बऱ्याच बोलींत हे तिन्ही जवळजवळ सारखेच ऐकू येऊ लागले. तो आला की ती आली की सगळे आले? अशा वेळी व्हायकिंगांचा खणखणीत वेगळा 'थेइर' हाताशी होता. तोच 'दे'. 'ती'साठीही नवा शब्द लागलाच. 'शी'चं एक जुनं रूप बाराव्या शतकात पीटरबरोच्या मठात लिहिलेल्या बखरीत सापडतं, आणि ते नेमकं कुठून आलं यावर विद्वान अजून भांडतात.

उसनवारीही एका दमात झाली नाही. १४०० साली वारलेला कवी चॉसर 'दे' लिहितो, पण 'त्यांना' म्हणताना जुना 'हेम'च वापरतो. 'देम' मागाहून आला. आजचे इंग्रज घाईत बोलताना 'देम'चं नुसतं 'एम' करतात ना? तो 'देम'चा आळस वाटतो, प्रत्यक्षात तो जुना 'हेम' आहे.

भगदाडं बुजवायचं काम अजून चालूच आहे. अमेरिकेच्या दक्षिणेत अनेकवचनी 'यू'साठी 'यॉल' म्हणतात, आयर्लंडमध्ये 'यूज'. पण खरा पेच एकवचनात आहे: माणूस बाई की पुरुष हे माहीत नसेल तर काय म्हणायचं? कायद्यानं एक तोड काढली. १८६० च्या भारतीय दंड संहितेत कलम ८ होतं: 'ही' हे सर्वनाम कोणत्याही व्यक्तीसाठी, पुरुष असो वा स्त्री. कायद्याच्या पुस्तकात सर्वनामासाठी स्वतंत्र कलम! १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. ती व्याख्या तिच्यातही आहे. फक्त पुरुष आणि स्त्री यांच्या पुढे आता ट्रान्सजेंडर व्यक्तीही आली.

बोलणाऱ्यांनी मात्र वेगळाच तोडगा चौदाव्या शतकापासून चालवला आहे, एकट्या माणसाला 'दे'. व्याकरणाच्या कडव्या पहारेकऱ्यांनी त्याला पुढे शतकानुशतकं नाकं मुरडली: एक माणूस आणि अनेकवचन, हे कसलं गणित? मराठी विद्यार्थ्याला हे गणित कोणी समजावून सांगायला नको. "बाबा आले, ते दमलेत," हे तो बोलायला लागल्यापासून म्हणतोय. म्हणूनच निबंधात वडिलांबद्दल तो 'दे आर टायर्ड' लिहितो आणि बाई लाल पेनानं 'ही इज' करतात. बाईंचं बरोबरच आहे, आदरासाठी इंग्रजीत 'दे' चालत नाही. पण त्याच बाई शिक्षकांच्या खोलीत कोणाची तरी विसरलेली छत्री उचलून, ती सरांची की मॅडमची हे माहीत नसताना, इंग्रजीतून 'कोणीतरी छत्री विसरलंय' म्हणू लागल्या, तर छत्रीच्या आधी त्यांनाही 'देअर'च लावावा लागेल.