कांदळवनातला मासा काय खातो?

कांदळाची पानं चिखलात गळतात, कुजतात आणि त्यांवर खाडीतले, पुढे समुद्रातलेही मासे पोसतात, असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. १९७० च्या दशकात फ्लोरिडात ओडम आणि हील्ड या संशोधकांनी ही कल्पना मांडली, ती मुख्यतः माशांची पोटं तपासून. पण पोटात सापडतो तो शेवटचा घास, तोही अर्धवट पचलेला. शिवाय खाल्लेलं सगळंच अंगी लागतं असं नाही.

अंगी काय लागलं ते स्नायूतला कार्बन सांगतो. निसर्गातल्या कार्बनचे सुमारे १.१ टक्के अणू थोडे जड, म्हणजे कार्बन-१३ चे असतात. ते किरणोत्सारी नाहीत, त्यामुळे क्षय न होता टिकतात. वाळवून पूड केलेला मिलिग्रॅमभर स्नायू कथलाच्या इवल्या डबीत जाळायचा आणि निघालेल्या वायूतले जड-हलके अणू मोजायचे. तुलनेचा मूळ प्रमाण नमुना होता दक्षिण कॅरोलायनातला एक जीवाश्म, माकुलाच्या नामशेष भाऊबंदाचा. त्याच्या तुलनेत कांदळाच्या पानांत जड कार्बन हजारी २७-२८ ने कमी भरतो, समुद्रातल्या तरंगत्या शैवालात २१ च्या आसपास, तर सागरी गवतात बहुधा १०-१२ नेच. खाणाऱ्याच्या अंगात हा आकडा फारसा बदलत नाही. जड नायट्रोजन, म्हणजे नायट्रोजन-१५, मात्र अन्नसाखळीच्या दर पायरीला सरासरी हजारी ३.४ ने चढतो. म्हणजे अन्न कुठून आलं ते कार्बन सांगतो. किती तोंडांतून आलं ते नायट्रोजन.

१९८४ मध्ये मलेशियातल्या अभ्यासात खाडीतल्या बऱ्याच जीवांत कांदळाचा कार्बन मिळाला, किनाऱ्यापासून दूर पकडलेल्यांत मात्र जवळजवळ नाही. गोदावरीच्या मुखाशी कोरिंगाच्या कांदळवनातही चिखलातले बहुतेक अपृष्ठवंशी जीव मुख्यतः सूक्ष्म शैवालावर जगताना आढळले. पानांवर जगणारे थोडेच.

हे आकडे जपून वाचावे लागतात. कुजत्या पानांतून सुटलेला हलका कार्बन खाडीतलं शैवालही वापरतं, आणि मग ते शैवाल खाणारा मासा पानं खाणाऱ्यासारखा दिसू शकतो. आपल्या अरबी समुद्रात वेगळीच अडचण आहे. तिथल्या मधल्या थरांत प्राणवायू फार कमी. तिथले जिवाणू नायट्रेटमधला हलका नायट्रोजन आधी वापरतात आणि जड मागे उरतो, तोच पुढे शैवालात आणि माशांत जातो. त्यामुळे शैवालाचं मोजमाप न करता इथल्या माशांची दुसऱ्या समुद्रातल्या माशांशी थेट तुलना केली, तर निष्कर्ष चुकतो.

तरीही कांदळवन वाचवायलाच हवं, आणि त्यासाठी पानांच्या अन्नाची कथा फुगवण्याची गरज नाही. कोळंबीची आणि कित्येक माशांची पिल्लं मुळांच्या जाळीत आसरा घेतात. हा आसराही आता मोजता येतो. स्नायू गेल्या काही आठवड्यांचं-महिन्यांचं खाणं सांगतो, यकृत त्याहून अलीकडचं. डोळ्याचं भिंग मात्र थरावर थर चढवत वाढतं आणि आतले थर पुढे बदलत नाहीत. खोल समुद्रात सापडलेल्या माशाच्या भिंगाचा गाभा सोलून तपासला, तर लहानपणी तो खाडीतल्या अन्नावर वाढला होता का, याचा माग लागतो.