नोकरीशोधातील पालकांचा अतिसहभाग

नोकरीशोधातील पालकांचा अतिसहभाग म्हणजे प्रौढ मुलामुलींनी नोकरी मिळवण्यासाठी स्वतः करावयाची कामे त्यांच्या आईवडिलांनी अंशतः किंवा पूर्णतः आपल्या हाती घेणे होय. अर्ज भरणे, नियोक्त्याशी पत्रव्यवहार करणे, मुलाखतीस उपस्थित राहणे, वेतनाची बोलणी करणे, आलेला प्रस्ताव स्वीकारायचा की नाकारायचा हे ठरवणे अशी अनेक कामे यात मोडतात. हा हेलिकॉप्टर पालकत्वाचा पुढचा टप्पा मानला जातो. मानसशास्त्र, समाजशास्त्र, श्रम-अर्थशास्त्र आणि मनुष्यबळ व्यवस्थापन या शाखांत त्याचा अभ्यास झाला आहे. अभ्यासकांच्या मते मुलांना मदत करणे आणि मुलांच्या जागी स्वतः उभे राहणे या दोन भिन्न गोष्टी असून त्यांचे परिणामही भिन्न असतात.

संज्ञा

मुलांभोवती सतत घिरट्या घालणाऱ्या पालकांना दिलेली हेलिकॉप्टरची उपमा बालमानसशास्त्रज्ञ हाइम गिनॉट यांच्या १९६९ साली प्रसिद्ध झालेल्या ‘बिट्वीन पॅरेंट अँड टीनेजर’ या पुस्तकात आढळते. १९९० साली फॉस्टर क्लाइन व जिम फे यांनी आपल्या पालकत्वविषयक पुस्तकात ‘हेलिकॉप्टर पालक’ ही संज्ञा वापरली आणि पुढे ती रूढ झाली. मुलांच्या वाटेतील अडथळे आधीच दूर करणाऱ्या पालकांना अमेरिकेत रस्त्यावरील बर्फ बाजूला सारणाऱ्या यंत्राची उपमा देतात. नोकरीच्या संदर्भात ही दुसरी उपमा अधिक लागू पडते, कारण येथे पालक केवळ लक्ष ठेवत नाहीत, तर प्रत्यक्ष कृती करतात.

मराठीत या घटनेसाठी स्वतंत्र पारिभाषिक शब्द रूढ नसला, तरी बोलीतील क्रियापदे तिची जाणीव करून देतात. ‘मुलगा नोकरीला लागला’ या वाक्यात कर्ता मुलगा असतो. ‘मुलाला नोकरीला लावले’ किंवा ‘चिकटवले’ या वाक्यांत कर्ता घरातील वडीलधारा असतो. ‘शब्द टाकणे’, ‘ओळख काढणे’ आणि ‘वशिला लावणे’ हे वाक्प्रचारही अशाच मध्यस्थीचे निदर्शक आहेत.

स्वरूप

पालकांच्या सहभागाचे प्रकार पायरीपायरीने वाढत जातात. जाहिराती शोधून देणे, आपल्या व्यवसायाची माहिती सांगणे, अर्ज वाचून चुका दाखवणे, मुलाखतीचा सराव करून घेणे ही पहिली पायरी होय. यात निर्णय आणि कृती मुलांकडेच राहतात. परिचितांकडे शिफारस करणे ही दुसरी पायरी. मुलांच्या नावाने अर्ज लिहिणे, त्यांच्या ईमेल खात्यातून उत्तरे पाठवणे, कंपनीला दूरध्वनी करून निकालाची चौकशी करणे, निवड न झाल्यास जाब विचारणे ही तिसरी पायरी आहे. अतिसहभाग ही संज्ञा प्रामुख्याने या तिसऱ्या पायरीला उद्देशून वापरली जाते.

अमेरिकेतील मिशिगन स्टेट विद्यापीठाच्या महाविद्यालयीन रोजगार संशोधन संस्थेने २००७ साली ७२५ नियोक्त्यांची पाहणी केली. पदवीधरांची भरती करताना पालकांचा सहभाग ‘कधीकधी’ ते ‘अनेकदा’ दिसतो, असे त्यांपैकी २३ टक्के नियोक्त्यांनी सांगितले. नोंदवल्या गेलेल्या प्रकारांत कंपनीची माहिती मिळवणे (४० टक्के) आणि मुलांच्या वतीने अर्ज सादर करणे (३१ टक्के) हे प्रकार अधिक होते. निवड न झाल्याबद्दल तक्रार करणे (१५ टक्के), वेतनाची बोलणी करणे (९ टक्के) व मुलाखतीस हजर राहणे (४ टक्के) हे प्रकार तुलनेने कमी आढळले. प्रसारमाध्यमांतून मुलाखतीला आलेल्या आईवडिलांचे किस्से वारंवार येत असले, तरी प्रत्यक्षात पडद्यामागील सहभागच अधिक असतो, हे या आकडेवारीवरून दिसते.

कारणे

मानसशास्त्रज्ञ जेफ्री आर्नेट यांनी २००० साली ‘उदयोन्मुख प्रौढत्व’ ही संकल्पना मांडली. औद्योगिक समाजांत शिक्षण लांबले, विवाह व स्थिर नोकरी यांचे वय पुढे गेले आणि त्यामुळे अठराव्या वर्षापासून विशीच्या मध्यापर्यंत किंवा त्याही पुढे व्यक्ती पूर्णपणे परावलंबी नसते व पूर्णपणे स्वावलंबीही नसते, असे त्यांचे प्रतिपादन आहे. या काळात खर्चाचा भार पालक उचलत असल्याने निर्णयांतील त्यांचा वाटाही वाढतो.

अर्थतज्ज्ञ माथियास डेप्के व फाब्रित्सियो झिलिबोटी यांनी २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात पालकत्वाच्या पद्धतीचा संबंध आर्थिक विषमतेशी जोडला आहे. चांगली नोकरी मिळणे व न मिळणे यांतील अंतर जितके मोठे, तितके पालक अधिक आग्रही होतात, असे ते म्हणतात. या दृष्टीने पाहता अतिसहभाग हा केवळ स्वभावदोष ठरत नाही. तो असुरक्षित अर्थव्यवस्थेला दिलेला प्रतिसादही असतो.

याखेरीज तंत्रज्ञानामुळेही सहभाग सोपा झाला आहे. भ्रमणध्वनीमुळे दूर राहणाऱ्या मुलांशी दिवसातून अनेकदा संपर्क साधता येतो. संगणकीय अर्जप्रणालीत पासवर्ड ठाऊक असलेली कोणतीही व्यक्ती उमेदवाराच्या नावाने अर्ज भरू शकते आणि तो कोणी भरला हे नियोक्त्याला कळत नाही.

परिणामांविषयीचे संशोधन

एडवर्ड डेसी व रिचर्ड रायन यांच्या स्वनिर्धारण सिद्धान्तानुसार स्वायत्तता, सक्षमता आणि आपुलकीचे नाते या माणसाच्या तीन मूलभूत मानसिक गरजा आहेत. हॉली शिफ्रिन व सहकाऱ्यांनी २९७ महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या अभ्यासात हा सिद्धान्त वापरला. पालक अतिनियंत्रण करतात असे सांगणाऱ्या विद्यार्थ्यांत नैराश्याचे प्रमाण अधिक व जीवनाविषयीचे समाधान कमी आढळले. स्वायत्तता व सक्षमता या गरजांना पोहोचलेली बाधा हा यातील दुवा असल्याचे त्यांचे मत होते.

जिल ब्रॅडली-गाइस्ट व जुली ओल्सन-ब्यूकॅनन यांचा २०१४ सालचा अभ्यास नोकरीच्या विषयाशी अधिक निगडित आहे. त्यांनी ४८२ विद्यार्थ्यांपुढे कामाच्या ठिकाणचे काल्पनिक प्रसंग ठेवले. ज्यांच्या घरी अतिपालकत्व होते, त्यांचा स्वतःच्या क्षमतेवरील विश्वास कमी होता आणि अडचण आल्यास स्वतः मार्ग काढण्याऐवजी इतरांवर विसंबण्याकडे त्यांचा कल अधिक होता.

याउलट कॅरन फिंगरमन व सहकाऱ्यांच्या २०१२ सालच्या संशोधनात पालकांचे भरघोस साहाय्य मिळणाऱ्या प्रौढ मुलांचे मानसिक समायोजन व जीवनसमाधान चांगले असल्याचे दिसले. मात्र आपल्या मुलांना प्रमाणाबाहेर मदत लागते असे वाटणाऱ्या पालकांचे समाधान कमी होते. हे निष्कर्ष वरवर परस्परविरोधी वाटतात. परंतु पहिल्या दोन अभ्यासांत नियंत्रण व हस्तक्षेप, तर तिसऱ्यात आधार मोजला गेला आहे. तसेच यांतील बरेचसे अभ्यास सहसंबंध दाखवणारे आहेत. मूल आधीच खचलेले असल्याने पालक पुढे सरसावले, की पालक पुढे सरसावल्याने मूल खचले, हे केवळ त्यांवरून ठरत नाही.

नियोक्त्यांची भूमिका

उमेदवाराऐवजी पालकांनी संपर्क साधल्यास अनेक नियोक्ते ते उमेदवाराच्या अपरिपक्वतेचे लक्षण मानतात. मुलाखतीत केवळ ज्ञान नव्हे, तर अनोळखी व्यक्तीशी संवाद साधण्याची व स्वतःच्या निर्णयाचे समर्थन करण्याची क्षमता तपासली जाते. पालकांच्या मध्यस्थीमुळे नेमकी हीच क्षमता झाकली जाते.

काही कंपन्यांनी मात्र पालकांना विरोधक न मानता सोबत घेण्याचे धोरण स्वीकारले. लिंक्डइन या कंपनीने २०१३ साली कर्मचाऱ्यांच्या आईवडिलांना कार्यालय दाखवण्याचा दिवस सुरू केला. पेप्सिकोच्या तत्कालीन प्रमुख इंद्रा नूयी आपल्या वरिष्ठ सहकाऱ्यांच्या आईवडिलांना आभाराची पत्रे पाठवत असत. भारतभेटीत आप्तेष्टांनी आपल्या यशाबद्दल आपल्या आईचे अभिनंदन केल्याचे पाहून ही कल्पना सुचल्याचे त्यांनी सांगितले आहे.

जपानमध्ये ही बाब भरतीप्रक्रियेचाच भाग बनू लागली आहे. विद्यार्थ्याला नोकरी देऊ करताना त्याच्या पालकांची संमती आहे ना, याची खातरजमा करण्याच्या प्रथेला तेथे ‘ओयाकाकू’ म्हणतात. पालक या अर्थाचा ‘ओया’ आणि खातरजमा या अर्थाच्या ‘काकुनिन’ या शब्दाचा पूर्वार्ध यांपासून तो शब्द बनला आहे. तरुणांची संख्या घटत असल्याने तेथे कंपन्यांना उमेदवार टिकवणे कठीण जाते. पालकांच्या विरोधामुळे उमेदवाराने ऐनवेळी नकार देऊ नये, हा या प्रथेमागील हेतू असतो.

भारत व महाराष्ट्र

भारतात नोकरी हा बहुधा संपूर्ण कुटुंबाचा विषय मानला जातो. शिक्षणासाठी काढलेले कर्ज, भावंडांची जबाबदारी, विवाहाची बोलणी आणि आईवडिलांचे उतारवय या साऱ्यांचा तिच्याशी संबंध असतो. त्यामुळे पाश्चात्त्य समाजात हस्तक्षेप ठरणारी कृती येथे कर्तव्य समजली जाऊ शकते. वडिलांच्या कामाच्या ठिकाणी मुलाने लागणे ही मुंबईच्या कापड गिरण्यांतही परिचित बाब होती. तेथील भरती दीर्घकाळ मुकादम, नातेवाईक व गाववाले यांच्या ओळखीवर चालत असे.

सरकारी नोकरभरतीत लेखी परीक्षांमुळे अशा मध्यस्थीला तत्त्वतः वाव उरत नाही. तेथे सहभागाचे रूप बदलते. लोकसेवा आयोगाच्या परीक्षांसाठी पुण्यातील अभ्यासिकांत वर्षानुवर्षे राहणाऱ्या तरुणांचा खर्च गावाकडील आईवडील उचलतात. आणि ‘आणखी एक प्रयत्न कर’ किंवा ‘आता परत ये’ हा निर्णयही अनेकदा घरातच होतो. येथे पालक मुलाच्या वतीने बोलत नाहीत, पण कोणती नोकरी ‘खरी’ नोकरी मानायची हे ठरवतात.

पालकांची जागा मुलांना देणे ही काही ठिकाणी अधिकृत व्यवस्थाही होती. सुरक्षेशी संबंधित पदांवरील कर्मचाऱ्याने मुदतपूर्व निवृत्ती घेतल्यास त्याच्या पात्र अपत्याला नोकरी देण्याची योजना भारतीय रेल्वेत २००४ पासून होती. पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाने २०१६ साली ती संविधानाच्या अनुच्छेद १४ व १६ मधील समतेच्या तत्त्वाशी विसंगत असल्याचे मत नोंदवले आणि त्यानंतर ती बंद करण्यात आली. सेवेत असताना मृत्यू पावलेल्या कर्मचाऱ्याच्या वारसाला मिळणारी अनुकंपा नियुक्ती याहून वेगळी आहे. ती कुटुंबावर ओढवलेल्या आपत्तीतील साहाय्य मानली जाते.

मुलींच्या बाबतीत पालकांचा सहभाग अनेकदा परवानगीचे रूप घेतो. रात्रपाळी, परगावी वास्तव्य किंवा प्रवास यांमुळे नोकरी नाकारण्याचा निर्णय पालकांकडून होतो. महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम, २०१७ नुसार महिला कर्मचाऱ्यांना रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळेत काम देण्यासाठी सुरक्षितता, घरापर्यंत वाहतूक इत्यादी व्यवस्था आवश्यक आहे आणि संबंधित महिलेची संमतीही लागते. कायद्याने मागितलेली ही संमती तिची स्वतःची आहे, पालकांची नव्हे.

कायदेशीर बाजू

भारतीय सज्ञानता अधिनियम, १८७५ नुसार सर्वसाधारणपणे अठरा वर्षे पूर्ण झालेली व्यक्ती सज्ञान ठरते आणि भारतीय करार अधिनियम, १८७२ नुसार सज्ञान व सुबुद्ध व्यक्ती करार करण्यास सक्षम असते. त्यामुळे नोकरीच्या करारात उमेदवार व नियोक्ता हे दोनच पक्ष असतात. पालक केवळ आईवडील असल्यामुळे त्याचे पक्षकार होत नाहीत. अमेरिकेत १९७४ च्या शैक्षणिक नोंदींविषयीच्या कायद्यान्वये, विद्यार्थी अठरा वर्षांचा झाल्यावर किंवा त्याने उच्च शिक्षण संस्थेत प्रवेश घेतल्यावर त्या नोंदींवरील अधिकार पालकांकडून विद्यार्थ्याकडे जातात. जपानने २०२२ साली सज्ञानतेचे वय वीसवरून अठरा केले. ओयाकाकूची प्रथा मात्र त्यानंतरही टिकून आहे. यावरून कायदेशीर प्रौढत्व आणि सामाजिक प्रौढत्व यांतील अंतर लक्षात येते.

विषमतेचा प्रश्न

पालकांच्या मदतीचा लाभ सर्वांना सारखा मिळत नाही. समाजशास्त्रज्ञ अ‍ॅनेट लॅरो यांनी ‘अनइक्वल चाइल्डहूड्स’ (२००३) या ग्रंथात मध्यमवर्गीय व श्रमिक कुटुंबांतील मुलांच्या संगोपनातील फरक नोंदवला आहे. संस्थांशी कसे बोलावे व आपली बाजू कशी मांडावी, हे मध्यमवर्गीय मुले घरातच शिकतात. कॅनडातील पुरुषांविषयी माइल्स कोरॅक व पात्रित्सियो पिराइनो यांनी केलेल्या अभ्यासात सुमारे ४० टक्के तरुणांनी कधी ना कधी वडिलांच्याच नियोक्त्याकडे काम केलेले आढळले. उत्पन्नाच्या सर्वोच्च स्तरात वडील व मुलगा यांचा प्रमुख नियोक्ता एकच असण्याचे प्रमाण विशेष वाढते. ज्यांचे पालक शेतमजूर किंवा असंघटित क्षेत्रातील कामगार आहेत, त्यांच्यापुढील अडचण सहसा अतिसहभागाची नसून मार्गदर्शन करणारे कोणीच नसण्याची असते. त्यामुळे पालकांच्या सहभागावर सरसकट टीका करणे अभ्यासकांना मान्य नाही.

सहभागाची मर्यादा

व्यवसाय मार्गदर्शक सामान्यतः एक सोपा निकष सुचवतात: नियोक्त्याला दिसणारी प्रत्येक कृती उमेदवाराची स्वतःची असावी; पालकांची मदत त्याआधी व त्यानंतर व्हावी. पालकांनी अर्ज लिहून देण्याऐवजी तो वाचून प्रश्न विचारावेत, मुलाखतीचा सराव घ्यावा, वेतनाचे कागद समजावून सांगावेत आणि अंतिम उत्तर मुलांना देऊ द्यावे. नकार मिळाल्यास कंपनीकडे चौकशी न करता मुलांना आधार द्यावा. पालक आर्थिक साहाय्य करत असल्यास त्याची मुदत व अपेक्षा आधीच स्पष्टपणे बोलून घेतल्यास पुढील मतभेद कमी होतात. मुलांच्या बाजूनेही कोणती मदत हवी व कोणती नको हे सांगणे आवश्यक ठरते, कारण पालकांचा सहभाग पुष्कळदा मुलांच्या मौनातून वाढतो.

हे सुद्धा पाहा

हेलिकॉप्टर पालकत्व
उदयोन्मुख प्रौढत्व
स्वनिर्धारण सिद्धान्त
वशिलेबाजी
अनुकंपा नियुक्ती